शकुनाचा सेक्टर

सासऱ्यांच्या नव्या हार्ड डिस्कची आखणी करताना मी पहिला सेक्टर दोन हजार अठ्ठेचाळीसऐवजी एकवीसशे एक टाकला, कारण अठ्ठेचाळीसवर संपणारा आकडा मला शकुनाचा वाटला नाही.

एवढंच. यावर पांघरूण घालायला माझ्यापाशी एकही कारण नाही. मी झोपेत नव्हतो, कोणी घाई करत नव्हतं, सकाळचे दहा वाजले होते आणि चहा दोनदा झाला होता. आणि जळगावात, पिंप्राळ्याला, मी बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. दुकानाच्या पाटीवर ‘तज्ज्ञ’ असा शब्द आहे. तो मीच रंगवून घेतलेला आहे.

सासरे धुळ्याचे. गल्लीतली पोरंटोरं त्यांना नाना म्हणतात, म्हणून मीही नानाच म्हणतो. चाळीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो त्यांनी कधी काढले नाहीत. म्हणायचे, “लग्नात माणूस हसतो, तो खोटा दिसतो. फॉर्मवरच्या फोटोत खरा दिसतो.” दहावीचा फॉर्म, नोकरीचा फॉर्म, रेशनकार्ड, असल्या कामाला लागणारे छोटे फोटो, आठ कॉपी एका पाकिटात, हा त्यांचा धंदा. आणि त्या धंद्यात त्यांची एक मिजास होती. नानांनी “संध्याकाळी या” म्हटलं की फोटो संध्याकाळी तयार. लाईट गेले, कागद संपला, पाऊस आला, काही असो. “उद्या या” हे दोन शब्द त्यांच्या काउंटरवर कोणी ऐकलेले नाहीत. धुळ्यात हे लोक अजून सांगतात.

स्टुडिओ बंद केल्यावर नानांनी नुसतं बसावं ना? तर नाही. सगळ्या जुन्या निगेटिव्ह काढल्या आणि एकेक स्कॅन करायला घेतल्या. दोन वर्षं तेच. निम्मे चेहरे जुन्या कॉम्प्युटरवर मावले. तो भरला, तेव्हा बाकीचे पेनड्राइव्हवर गेले, आणि ते पेनड्राइव्ह कुरडयांच्या रिकाम्या डब्यात. दोन वर्षांत नानांच्या घरात निम्मं धुळे त्या डब्यात आणि निम्मं टेबलाखाली, असं राहात होतं.

मग गेल्या आखाजीला त्यांनी शब्द दिला.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण खान्देशात ती बाकीच्या महाराष्ट्रासारखी सोनं घ्यायची तिथी नाही. तो लेकींचा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, दिवसभर गाणी म्हणतात, आणि पुरुषमंडळी कुठेतरी सावलीला पत्ते कुटत बसतात. सणापुरतं कोणी काही म्हणत नाही. गल्लीतल्या मुली म्हणजे आता चाळिशी-पन्नाशीच्या बाया, पण झोक्यावर बसल्या की त्यांचं वय निंबाच्या फांदीलाच कळतं. अशा झोक्याखाली उभं राहून नाना म्हणाले होते, “पुढच्या आखाजीला या. प्रत्येकीला तिचा दहावीच्या फॉर्मचा फोटो देतो.”

झालं. वर्षभर बायका फोन करून विचारत होत्या. बायकोची एक वर्गमैत्रीण सुरतेला दिली आहे. तिला सगळे सुरतची ताई म्हणतात, मीही तेच म्हणतो. तिला फोटो सगळ्यांत जास्त हवा होता. तिच्या मुलीचा विश्वासच बसत नव्हता की आई कधीकाळी बारीक होती.

“भाऊ,” ती मला फोनवर म्हणाली, “फोटो मिळाला नाही ना, तर मी जन्मभर खोटारडी ठरेन. आणि आखाजीला चारची बस आहे माझी. दुसऱ्या दिवशी थांबता येत नाही.”

“तू काळजीच करू नकोस,” मी म्हणालो. “मी आहे ना.”

तर काम असं होतं. जुना कॉम्प्युटर आणि डब्यातले पेनड्राइव्ह, सगळे चेहरे एका नव्या मोठ्या डिस्कवर आणायचे आणि त्यांची एक यादी बनवायची: पाकिटाचा नंबर, नाव, गाव, शेजारी बोटाच्या नखाएवढं चित्र. म्हणजे बाई आली, नाव सांगितलं की फोटो समोर, आणि लगेच प्रिंट. नावं बायकोने वर्षभर नानांच्या स्टुडिओच्या वहीतून उतरवून ठेवलेलीच होती. नवी डिस्क मी जळगावहून नेली. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही एरंडोल, पारोळा करत धुळ्याला उतरलो. डिस्क मी मांडीवर घेऊन बसलो होतो. बायकोच्या मांडीवर आंब्यांची पेटी होती. दोघांत जास्त नाजूक काय यावर पारोळ्यापर्यंत आमचा वाद चालला.

आता ज्याला हे काहीच माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. हार्ड डिस्कच्या पोटात एक चकती गरगर फिरत असते. चकतीवर गोल गोल रेघा, आणि प्रत्येक रेघेचे छोटे छोटे तुकडे. त्या तुकड्याला सेक्टर म्हणतात. प्रत्येकाला नंबर. अगदी धुळ्यासारखं. धुळ्यात गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत; पहिली गल्ली, दुसरी गल्ली, चौथी गल्ली. पत्ता शोधणाऱ्याला काही विचारावं लागत नाही. नव्या डिस्कवर सामान भरण्याआधी तिला सांगावं लागतं, की बाई, सामान अमुक नंबरच्या तुकड्यापासून मांडायला घे.

हे सांगायची सोपी रीत आहे. माऊसने दोन बटणं दाबायची, बाकी सगळं आपोआप. पण समोर सासरे बसलेले, सासूबाई दारातून बघतायत, आणि जावई दोन बटणं दाबून मोकळा होणार? मी काळा पडदा उघडला. त्यावर चित्रं नसतात, नुसती पांढरी अक्षरं. नाना चष्मा पुसून पुढे सरकले. मला बरं वाटलं.

काळ्या पडद्याने विचारलं, पहिला सेक्टर कोणता? आणि स्वतःच कंसात उत्तर देऊन ठेवलं: दोन हजार अठ्ठेचाळीस. नुसतं एंटर दाबायचं होतं.

पण अठ्ठेचाळीस! आपल्याकडे आहेराच्या पाकिटावर वरचा एक रुपया चिकटवलेला नसला तर पाकीट हातात घेणारा तोंड वाकडं करतो. दूर्वा एकवीस, नारळ अकरा, पेढे सव्वा किलो. शुभकार्यात आकडा कसा, जरा पुढे पाऊल टाकलेला हवा. नानांचं दोन वर्षांचं काम, उद्या आखाजी, साडेतीन मुहूर्तांतला एक, आणि सुरुवात अठ्ठेचाळीसने? मी हसून नानांकडे पाहिलं आणि टाकलं: २१०१.

“एकवीसशे एक,” मी म्हणालो. “शकुनाचा आकडा.”

“चालतं का असं?” नाना म्हणाले.

“मशीनला काय, कुठूनही सुरू करा.”

मशीनने खाली एक ओळ लिहिली. असल्या ओळी मशीन सतत लिहीत असतं. घरातली वडीलधारी माणसं जशी “सावकाश जा” म्हणतात तशा. मी ती वाचली नाही. कॉपी सुरू केली, हात झटकले आणि जेवायला बसलो. पडद्यावर लिहून आलं: उरलेला वेळ, पाच तास.

जेवून उठलो तेव्हा उरलेला वेळ अकरा तास झाला होता.

“वाढलाय,” नाना म्हणाले.

“नवी डिस्क आहे. सवय व्हायला वेळ लागतो.” हे मी सांगितलेलं पहिलं खोटं.

दोन वाजता एकोणीस तास. मी म्हणालो, उन्हामुळे. धुळ्याचं ऊन म्हणजे बोलायची सोय नाही, त्यामुळे हे खोटं खपलं, इतकं खपलं की नानांनी घरातला एकुलता एक कूलर उचलून कॉम्प्युटरसमोर आणून ठेवला. गल्लीतून आलेल्या सात माहेरवाशिणी, त्यांची लेकरं, सासूबाई, सगळे घामाघूम, आणि डिस्क वाळ्याच्या थंडगार वाऱ्यात.

सासूबाईंनी पदराने वारा घेत विचारलं, “हाई मशीन शे का बाळंतीण? बठ्ठी हवा हिलेच!”

“आई, ती सगळी हवा फोटोंसाठी आहे,” बायको म्हणाली.

“मंग फोटोले घाम येस का?”

चार वाजता मी पेनड्राइव्हना दोष दिला. पाच वाजता लाईटच्या दाबाला. सहा वाजता बायकोने मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठून हळूच विचारलं, “खरं सांगा. काही चुकलंय का?”

“माझं?”

“नाही, निंबाचं.”

मी म्हणालो, सकाळपर्यंत होऊन जाईल. झोपलो. कॉम्प्युटर चालू राहिला.

सकाळी साडेपाचला उठून पाहतो तर एक तृतीयांश काम झालेलं, आणि उरलेला वेळ अडतीस तास. ओसरीवर सासूबाई पितरांची घागर पूजायला बसल्या होत्या. पाण्याने भरलेली मातीची घागर, तिच्या तोंडावर खरबूज, शेजारी आंबे. मागच्या अंगणात कोणीतरी झोक्याची दोरी ताणून पाहात होतं. नाना कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसून होते. इस्त्रीचा सदरा घातला होता. कधीपासून बसले होते कोणास ठाऊक.

“जवाईबुवा,” ते म्हणाले, “चाळीस वर्षांत मी कोणाला उद्या या म्हटलेलं नाही. आज सुरतवाली पोरगी चारला जाणार. तिला काय सांगू?”

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी आणखी एखादं खोटं बोललो असतो.

मी काळा पडदा पुन्हा उघडला आणि डिस्कची सगळी माहिती मागवली. ती आली. तिच्याखाली कालचीच ओळ, तशीच, न रागावता उभी होती. नानांनी आयुष्यभर लोकांचे इंग्रजी फॉर्म वाचले आहेत. त्यांनी माझ्याआधी वाचली. मराठीत सांगायचं तर तिथे लिहिलं होतं, पहिला विभाग खऱ्या सेक्टरच्या हद्दीवर सुरू होत नाही.

“म्हणजे काय?” त्यांनी विचारलं.

माझ्या कानामागून घामाचा थेंब निघाला तो थेट कमरेपर्यंत गेला, कूलर चालू असूनही. कारण म्हणजे काय, हे मला माहीत होतं. मला हे बावीस वर्षं माहीत नसलं तरी दहा-बारा वर्षं नक्की माहीत होतं. फक्त काल सकाळी दहा वाजता माहीत नव्हतं.

“नाना, त्याचं असं आहे,” मी सुरू केलं. “पूर्वीच्या डिस्कवर छोटे सेक्टर, म्हणजे खण, असायचे. आताच्या डिस्कवर आठ छोट्यांचा मिळून एक मोठा खण असतो. पण जुन्या पद्धतीच्या लोकांची अडचण व्हायला नको म्हणून ती बाहेर नंबर छोट्या खणांचेच सांगते.”

“सासू समोर असली की सून पदर घेते, तसं.”

“तसंच. आतून ती आठाच्याच हिशोबाने वागते. त्यामुळे सुरुवात आठाच्या पाढ्यातल्या आकड्यावर हवी. दोन हजार अठ्ठेचाळीस आठाच्या पाढ्यात येतो.”

“आणि एकवीसशे एक?”

मी घागरीकडे पाहिलं.

नाना उठले. कोपऱ्यात त्यांचं जुनं कटर होतं, फोटो कापायचं, लांब पात्याचं. स्टुडिओतलं बाकी सगळं विकलं, पण ते त्यांनी घरी आणलं. कपाटातून त्यांनी एक फोटोची शीट काढली. आठ फोटो छापलेले, अजून न कापलेले. फोटो माझाच होता, लग्नाच्या वर्षीचा, कुठल्याशा फॉर्मसाठी काढलेला. आठ वेळा मी, भांग पाडलेला, मिशी कोवळी.

“बघा हं,” नाना म्हणाले. “शीट अशी कडेला टेकवायची आणि पहिला काप इथे. मग पुढचे सगळे बरोबर येतात. आता मी तुमचा शकुनाचा आकडा घेतो.” त्यांनी शीट बोटभर पुढे सरकवली आणि खट, खट, खट कापत गेले.

टेबलावर माझे तुकडे पडले. प्रत्येक तुकड्यावर माझा अर्धा चेहरा, आणि शेजारच्या मीचा एक कान.

“आता गिऱ्हाइकाला एक चेहरा द्यायचा,” नाना म्हणाले, “तर किती तुकडे उचलायचे?”

“दोन.”

“एकाच्या कामाला दोन. आणि त्यातल्या एका चेहऱ्यावर पेन फिरवायचा असला, तर दोन्ही तुकडे आधी बघायचे, कोणाचा कान कोणाचा ते ठरवायचं, आणि मग हात लावायचा. असंच होत असणार ना आत?”

असंच होत होतं. अगदी असंच. तिथे बसून मला माझाच धंदा कळत होता, आणि तो मला एक फोटोग्राफर शिकवत होता. त्यात आणखी एक गोष्ट होती, ती मी सांगितली, कारण निदान एक तरी गोष्ट मी सांगायला हवी होती. डिस्कला मोठ्या खणाचा अर्धाच भाग लिहायचा असला की ती आधी अख्खा खण वाचते, त्यात नवं मिसळते आणि परत लिहिते. पण वाचेपर्यंत चकती पुढे गेलेली असते. तो खण पुन्हा वाचणाऱ्या सुईखाली यायला चकतीचा पूर्ण फेरा व्हावा लागतो. आमच्याकडे मेहरूणच्या तलावाभोवती सकाळी लोक चालतात. मी बाकावर बसतो, माझा मित्र फेऱ्या मारतो. त्याला काही सांगायचं राहिलं की तो पुन्हा समोर येईपर्यंत थांबावं लागतं. डिस्कचा फेरा डोळ्याचं पातं लवायच्या आत होतो, तलावाला अर्धा तास लागतो, एवढाच फरक. पण आमच्याकडे चेहरे हजारो होते, एकेक छोटासा, आणि त्या प्रत्येकाची फाईल, यादीतली ओळ, नखाएवढं चित्र, सगळ्याच्या मागे डिस्क एकेक फालतू फेरा घालत होती. मोठा सिनेमा सलग भरला असता तर एवढं जाणवलं नसतं. बारीकसारीक सामानानेच जीव घेतला.

“मग उपाय?” नाना म्हणाले.

“पुसायचं. पुन्हा आखायचं. पहिल्यापासून.”

“झालेलं सगळं?”

“सगळं.”

हे बोलताना मला कळत होतं मी काय मागतोय. एक तृतीयांश तरी हातात होतं. त्यात सुरतच्या ताईचा फोटो असेल, नसेल. पुसलं, आणि पुन्हा काही आडवं आलं, तर हातात काहीच नाही. नानांनी टेबलावरचे माझे अर्धे चेहरे गोळा केले, मूठभर झाले, आणि केराच्या डब्यात टाकले.

“काप चुकलेली शीट मी कधी गिऱ्हाइकाला दिली नाही,” ते म्हणाले. “पुसा.”

मी पुसलं. काळ्या पडद्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला. नाना माझ्या खांद्यामागे उभे.

“आता काय टाकणार?”

“काही नाही. नुसतं एंटर.”

“बोट दाखवा आधी.”

मी बोट वर केलं. त्यांनी ते नीट पाहिलं, मान डोलावली, आणि मी एंटर दाबलं. या वेळी खाली कुठलीही ओळ आली नाही. कॉपी सुरू झाली. उरलेला वेळ, पाच तास. मी त्या आकड्याकडे असा बघत होतो जशी सासूबाई ओट्यावर ठेवलेल्या दुधाकडे बघतात. पाचचे पावणेपाच झाले. साडेचार झाले. सव्वाचार झाले, तेव्हा नाना पहिल्यांदा खुर्चीला टेकले.

“कूलर आम्हाला मिळेल का आता?” बायकोने दारातून विचारलं.

नानांनी कूलर स्वतः उचलून दिला.

साडेअकराला शेवटचा पेनड्राइव्ह संपला. बारापर्यंत यादी तयार. मग जे सुरू झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. झोका ओस पडला. अख्खी गल्ली नानांच्या ओसरीवर. आमरसाच्या वाट्या हातात घेऊन बाया पडद्यासमोर दाटीवाटीने उभ्या, मागून सासूबाई ओरडतायत, “रस मशीनवर नका सांडा वं!”

आणि घोळ बघा कसा. त्या वर्षांतल्या सगळ्या मुली म्हणजे दोन वेण्या, पांढरी रिबीन, मान ताठ, डोळे फ्लॅशला घाबरलेले. एका फोटोवर तिघींनी हक्क सांगितला.

“ही मी!”

“तू कसली? तुझं नाक बघ आणि हे नाक बघ.”

“तेव्हा लहान होतं नाक. वाढलं नंतर.”

“कशाने वाढलं? सासरी खुपसून खुपसून?”

नाना वहीतला नंबर बघून निकाल देत होते. त्यांचा शब्द शेवटचा. एकीला तिचा फोटो दिला तर ती म्हणाली, मी एवढी काळी नव्हते. नाना म्हणाले, “होतीस. तेव्हा मी पावडर लावून दिली होती, ती धरूनसुद्धा होतीस.” बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. माझ्या बायकोचाही निघाला. मी म्हणालो, हा मला हवा. ती म्हणाली, तुम्हाला कशाला, तुमच्या वाटणीला नंतरची आलीय.

सुरतची ताई अडीचला आली. हातात बॅग, म्हणजे थेट इथूनच बसला जाणार. नाव सांगितलं, गाव सांगितलं. नानांनी टाईप केलं. एक क्षणही लागला नाही, तिचा चेहरा समोर. दोन वेण्या, रिबीन, आणि खरोखर काडी! गळ्याची हाडं मोजावीत अशी. मग ताईने असा काही आरडा केला की बाहेरून दोन पत्तेवाले पत्ते हातात धरूनच बघायला आले.

“बघा! बघा! मी सांगत नव्हते?”

तिने पडद्याचाच फोटो मोबाईलवर काढून मुलीला पाठवला आणि आम्ही सगळे उत्तराची वाट बघत उभे राहिलो. उत्तर आलं. ताईने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

“काय म्हणते?” बायकोने विचारलं.

“म्हणते, मम्मी, ही कोण मावशी आहे?”

पुन्हा हसण्याचा गदारोळ. नानांनी शेवटी पाकिटावर वहीतला नंबर, नाव, वर्ष, सगळं स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि खाली सही ठोकली. पुरावा म्हणून. आठ कॉपी छापल्या, शीट कडेला टेकवली, कटरखाली धरली आणि खट खट कापल्या. प्रत्येक तुकड्यात एक अख्खा चेहरा, दोन्ही कानांसकट.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ताईने पाकीट पर्समध्ये नाही, पदराला गाठ मारून ठेवलं. नानांच्या पाया पडली. मग माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी, हसूही चाललेलं.

“भाऊ, तुमचे फार उपकार झाले. तुम्ही नसता तर यंदा फोटो मिळालेच नसते.”

माणसाला अशा वेळी काय करावं हे सुचत नाही. मी मान किंचित झुकवली, छातीवर हात ठेवला, आणि “अगं, त्यात काय एवढं, आपलं कामच आहे ते” असं म्हणायला तोंड उघडलं.

नाना पुढच्या बाईची शीट कापत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

“मशीन एकटं बरोबरच करत होतं, पोरी,” ते म्हणाले. “जवाईंनी मदत केली म्हणून दीड दिवस लागला.”